शेवटची नेहमीसारखी पाळी कधी आली होती? चवथीच्या गोळ्यांआड राहिलेल्या गरोदरपणाचं प्रकरण

१० ऑक्टोबर २०२५, शुक्रवार. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात २९ वर्षांची एक बाई सिस्टरपुढे येऊन बसली. माहेर दोडामार्गचं, लग्नाला दोन वर्षं झालेली, काजूच्या कारखान्यात गरांची प्रतवारी करायचं काम. तक्रार एवढीच, की पाळी सात दिवस लांबली आहे आणि अ‍ॅसिडिटी महिनाभर काही केल्या जात नाही. दिवस राहिले असतील ही शंका तिला आली नव्हती असं नाही. पण ती तिनं स्वतःच दोनदा खोडून काढली होती, एकदा टेस्ट ‘नाही’ आली म्हणून आणि एकदा पाळी ‘आली’ म्हणून.

त्या दिवशी ती साडेदहा आठवड्यांची गरोदर होती.

हे प्रकरण कुणा एका बाईचं नाही. दर सणाच्या मोसमात ज्या गोष्टी पुन्हापुन्हा घडतात त्या एकत्र जुळवून ते नमुना म्हणून मांडलं आहे. तारखा मात्र २०२५ च्या कॅलेंडरला धरून घातल्या आहेत, म्हणजे वाचणारीला प्रत्येक हिशेब बोटांवर मोजून पडताळता येईल.

जुलै ते चवथ

तिची पाळी साधारण ३० दिवसांनी यायची. जुलैची पाळी २८ तारखेला, सोमवारी आली. चार दिवस चालली, पहिले दोन दिवस तीन-चार पॅड लागले, कंबर आणि ओटीपोट दुखलं. तिच्यासाठी हे नेहमीचंच. हे वर्णन लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे सगळं त्याच्याशी ताडून बघायचं आहे.

पुढची पाळी २७ ऑगस्टच्या आसपास, म्हणजे नेमकी चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) दिवशी येणार होती. घरी पाच दिवसांचा गणपती. नेवऱ्या, मोदक, रोजचा नैवेद्य, पाहुणे, आणि त्यात सून बाहेरची झाली तर सगळंच अडतं, असा घराचा हिशेब. मग पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आल्या. या गोळ्यांत नॉरएथिस्टेरॉन असतं. ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून घ्यायची असा सर्वसाधारण क्रम असतो. तिनं २४ ऑगस्टला सुरू केल्या आणि विसर्जनाच्या रात्री, ३१ ऑगस्टला थांबवल्या. आठ दिवस, चोवीस गोळ्या.

सुरू करण्याआधी जाऊबाईंनी सांगितलं होतं, “गोळ्या घ्यायच्या आधी एकदा टेस्ट करून बघ गं.” सल्ला योग्य होता. तिनं २३ ऑगस्टला संध्याकाळी टेस्ट केली. एकच रेघ आली, आणि त्या एका रेघेवर पुढचा दीड महिना गेला.

ती एक रेघ काय सांगत होती

पाळी ३० दिवसांनी येणाऱ्या बाईत बीज साधारण सोळाव्या दिवसाच्या पुढेमागे सुटतं. बीज सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचे दिवस बहुतेकींत चौदाच्या आसपास असतात, त्यामुळे हिशेब पुढून नाही, येणाऱ्या पाळीकडून मागे मोजायचा. २७ ऑगस्टमधून १४ वजा केले की १३ ऑगस्ट येतो. फलित झालेलं बीज गर्भाशयाच्या अस्तरात रुजायला त्यानंतर सहा ते बारा दिवस घेतं, बहुतेक वेळा आठ ते दहा. म्हणजे ते रुजलं २१ ते २३ ऑगस्टच्या दरम्यान.

लघवीची टेस्ट ज्यावर चालते ते एचसीजी नावाचं संप्रेरक रुजल्यावरच आईच्या रक्तात उतरू लागतं. सुरुवातीला ते नाममात्र असतं आणि साधारण दोन ते तीन दिवसांत दुप्पट होतं. घरगुती पट्टी सहसा २५ युनिटच्या आसपास ते पकडते. सोपं गणित करू या. पहिल्या दिवशी ३ असेल तर दोन दिवसांनी ६, मग १२, मग २४. म्हणजे पट्टीला दिसण्याइतकं व्हायलाच जवळजवळ आठवडा गेला. २३ ऑगस्टला पट्टीवर दुसरी रेघ दिसणं अवघडच होतं. तिनं टेस्ट संध्याकाळी केली, त्याआधी भरपूर पाणी प्यायली होती आणि दोन मिनिटांतच पट्टी टाकून दिली, या चुका झाल्याच. पण पहाटेच्या लघवीवर, घड्याळ लावून टेस्ट केली असती तरी उत्तर बहुधा तेच आलं असतं. चुकली होती ती वेळ. पाळीच्या तारखेआधी आलेल्या ‘नाही’चा अर्थ ‘अजून कळत नाही’ एवढाच होतो.

नीट टेस्ट कशी करायची ते एकदा जवळून बघू. पाकिटावरची मुदत आधी वाचायची. गोव्याच्या पावसाळ्यात हवेतला दमटपणा पट्टीला लागतो, म्हणून फॉइलचं पाकीट आदल्या रात्री फोडून ठेवायचं नाही, लघवी हाताशी आल्यावरच फोडायचं. झोपेतून उठल्यावरची पहिली लघवी स्वच्छ, कोरड्या वाटीत धरायची. ती वाटी साबणाने धुतली असेल तर पाण्याने नीट विसळून कोरडी केलेली हवी. सोबतच्या ड्रॉपरने पाकिटावर सांगितले असतील तेवढेच, बहुधा दोन किंवा तीन थेंब, गोल खळग्यात टाकायचे. पट्टी सपाट जागेवर ठेवायची, हातात धरून हलवायची नाही. पाच मिनिटांनी वाचायची. ‘सी’पाशी रेघ उमटलीच नाही तर पट्टी वाया गेली, उत्तर काहीच नाही. ‘सी’ आणि ‘टी’ दोन्हीकडे रेघ आली तर गर्भ आहे, मग ‘टी’ची रेघ फिकट गुलाबी का असेना. दहा मिनिटांनंतर उमटलेल्या करड्या, रंगहीन खुणेला मात्र अर्थ नाही. ती लघवी सुकल्याची खूण असते. अर्ध्या तासाने कचऱ्यातून पट्टी काढून बघणाऱ्या बायका या खुणेपायी विनाकारण हसतात आणि रडतात, म्हणून हे एवढं सविस्तर सांगितलं.

उत्तर ‘नाही’ आलं आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा टेस्ट करायची. आणि ज्या बाईनं पाळी ढकलायच्या गोळ्या घेतल्या आहेत तिला ‘पाळी चुकण्याचा दिवस’ उरतच नाही, तो गोळीनं पुसून टाकलेला असतो. तिनं मोजायचं ते शेवटच्या असुरक्षित संबंधापासून. त्यानंतर २१ दिवस झाले की टेस्टच्या ‘नाही’वर बऱ्यापैकी विसंबता येतं. या प्रकरणात ही मुदत सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात भरत होती. त्या आठवड्यात केलेली एक पट्टी पुरली असती.

तीन सप्टेंबरचा डाग

गोळ्या थांबल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येते, हे तिला माहीत होतं. गोळीतलं संप्रेरक गर्भाशयाचं अस्तर धरून ठेवतं. पुरवठा तुटला की अस्तर सुटतं आणि रक्तस्राव होतो. दिवस राहिले असतील तर मात्र गोळी थांबूनही पुरवठा तुटत नाही. रुजलेला गर्भ एचसीजीच्या जोरावर अंडाशयाला कामाला लावतो आणि घरचंच प्रोजेस्टेरॉन अस्तराला मिळत राहतं. म्हणून गोळ्या थांबवल्यावर आठवडाभरात नेहमीसारखी पाळी न येणं, हेच अशा बाईत गरोदरपणाचं पहिलं ठळक लक्षण असतं.

इथे घोटाळा झाला तो ३ सप्टेंबरला. थोडं रक्त दिसलं. चहाच्या डागासारखं तपकिरी, दीड दिवस, एक पॅडही अर्धाच भरला. पोटात कळ नाही, गाठी नाहीत. तिनं सुटकेचा श्वास टाकला आणि कॅलेंडरवर ३ तारखेभोवती पेनानं गोल केला. घरात कुणाला काही विचारायचं कारणच उरलं नाही.

अशा डागाला हल्ली सरसकट ‘गर्भ रुजतानाचा रक्तस्राव’ म्हटलं जातं. तारखा बघितल्या तर ते इथे बसत नाही, कारण रुजणं अकरा ते तेरा दिवसांपूर्वीच झालं होतं. पहिल्या तीन महिन्यांत साधारण चारांतल्या एका गरोदर बाईला कधी ना कधी थोडाफार रक्तस्राव होतो, आणि बऱ्याचदा कारण सापडत नाही. पुष्कळ वेळा गर्भ पुढे नीट वाढतो. पण तोच डाग गर्भपाताची सुरुवात असू शकतो किंवा गर्भ नळीत अडकल्याची पहिली खूणही. त्यामुळे ‘होतं असं’ म्हणून सोडून देण्यासारखा तो नव्हता. रंग वेगळा, दिवस कमी, पॅड कमी, दुखणं नाही. चारही बाबतींत ती तिची नेहमीची पाळी नव्हती.

सप्टेंबर: प्रत्येक लक्षणाला एक सोयीचं कारण

पुढचा महिना वाचताना वाईट वाटतं, कारण लक्षणं एकामागून एक येत होती आणि प्रत्येकीला तितकंच पटण्यासारखं दुसरं कारण हजर होतं.

आधी थकवा आला. कारखान्यात दुपारी जेवणानंतर डोळे मिटू लागले. चवथीची कामं अंगावर आली, असं सगळ्यांनी म्हटलं. प्रोजेस्टेरॉन वाढलं की पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून अशी गळून टाकणारी झोप येते, आणि रात्री आठ तास झोपूनही ती जात नाही. कामाचा शीण दोन-तीन दिवसांच्या विश्रांतीनं उतरतो. हा पंधरा दिवस उतरला नाही.

मग छाती दुखू लागली. बसच्या हिसक्यानं दुखायची, ब्लाऊजचा काठ टोचायचा. पाळीआधीही असं व्हायचं आणि गोळ्यांनीही होतं, म्हणून तिनं लक्ष दिलं नाही. फरक ओळखायची खूण अशी: पाळीआधीची दुखरी छाती पाळी आली की मऊ पडते, गोळ्यांनी दुखत असेल तर गोळ्या सुटल्यावर काही दिवसांत शमते. तिची छाती ३ सप्टेंबरनंतर जास्त दुखू लागली. पुढे स्तनाग्राभोवतीचं वर्तुळ गडद झालं आणि त्यावर बारीक पुरळासारखे उंचवटे आले. ते तिनं आंघोळीच्या वेळी पाहिले आणि घामोळं समजून पावडर लावली.

सप्टेंबरच्या मध्यावर, सातव्या आठवड्यात, मळमळ सुरू झाली. श्रावण सरला, चवथ झाली की घरात पुन्हा मासळी येते. बांगड्याच्या हुमणात (कालवणात) तिरफळं पडली की शेजारच्या घरापर्यंत दरवळ जातो, आणि एरवी ती त्या वासावर जेवायला बसणारी. त्या दिवशी हुमणाला कढ आला आणि ती पदर नाकाला लावून मागल्या दारी गेली. सासूबाई म्हणाल्या, “महिनाभर मासळी नव्हती, म्हणून वास लागतो.” पुढच्या आठवड्यात तिला भाताच्या पेजेचा वास सोसेना, मग कारखान्यात भाजणाऱ्या काजूचा. पेजेच्या वासालाही तेच कारण कसं लावणार? पण तोवर ‘अ‍ॅसिडिटी’ हा शब्द घरात पक्का झाला होता. औषधाच्या दुकानातून आम्लपित्ताच्या गोळ्या आल्या आणि कंबर दुखते म्हणून डायक्लोफेनॅकही आलं. गरोदरपणी ही वेदनाशामकं स्वतःच्या मनानं घ्यायची नसतात. पण दिवस राहिलेत का हे दुकानात कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही, कारण ती गरोदर आहे हे कुणालाच माहीत नव्हतं.

आम्लपित्तात जळजळ छातीत असते, तिखट-तेलकट खाल्ल्यावर किंवा आडवं झाल्यावर वाढते. गरोदरपणाची मळमळ बहुधा रिकाम्या पोटी आणि वासानं उठते, आणि थोडं कोरडं खाल्लं, पोईचा (गोव्याकडच्या पावाचा) तुकडा किंवा बिस्किट, की जरा बसते. सकाळीच होते असंही नाही. तिला संध्याकाळी पाचच्या सुमारास जास्त व्हायची.

रात्री दोनदा लघवीला उठणं, पोट फुगून सलवारीची नाडी सैल करावी लागणं, बद्धकोष्ठ, तोंडाला तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायल्यासारखी चव, हे सगळं होतंच. लघवीच्या बाबतीत एक काळजी घ्यायची: फक्त वारंवार होत असेल तर ते गरोदरपणाशी जुळतं, पण जळजळ, ताप किंवा पाठीत दुखणं असेल तर मूत्रमार्गाचा संसर्ग तपासावा लागतो. आणि पावसाळ्यात मळमळीबरोबर लघवी गडद पिवळी होऊन डोळे पिवळे दिसले, तर आधी काविळीची तपासणी. गरोदर बाईला हेपेटायटिस ई झाला तर तो जिवावर बेतू शकतो.

यातलं कुठलंही लक्षण एकटं काही सिद्ध करत नाही. बघायचं ते त्यांचा कल. गोळ्यांचे दुष्परिणाम गोळ्या थांबल्यावर उतरतात, पाळीआधीचा त्रास पाळीबरोबर सरतो. तिचं सगळं ३१ ऑगस्टनंतर चढतच गेलं.

उपकेंद्रातले प्रश्न

तिच्या हिशेबानं पुढच्या पाळीचा दिवस, ३ ऑक्टोबर, उलटला. गोळ्यांनी पाळी बिघडवली असं तिला वाटलं. कुणीतरी पाळी ‘आणायच्या’ गोळ्या सुचवल्या. ते तिनं केलं नाही, याचं समाधान वाटतं. पाळी का आली नाही हे न बघता ती आणायच्या गोळ्या घेणं म्हणजे तेच चक्र परत सुरू करणं, आणि तीळ-गूळ, पपई, काढे यांनीही ना पाळी येते ना शंका फिटते.

सिस्टरनी आधी तोच प्रश्न विचारला जो सगळे विचारतात.

“शेवटची पाळी कधी आली?”

“तीन सप्टेंबर.”

“नेहमीसारखी होती?”

ती गप्प राहिली. मग म्हणाली, “थोडीच होती, सिस्टर. गोळ्या घेतल्या होत्या ना, म्हणून.”

“असू दे. त्याच्या आधीची सांग. किती दिवस होती, किती पॅड लागले, दुखलं होतं का?”

सगळं प्रकरण त्या ‘नेहमीसारखी’ शब्दावर उलगडलं. ‘शेवटची पाळी कधी’ असं विचारलं की बाई शेवटचं रक्त कधी दिसलं ते सांगते. ती खोटं बोलत नसते. प्रश्नच अर्धा असतो. मागच्या तीन पाळ्यांची तारीख, दिवस, पॅड आणि दुखणं असं एकेक करून विचारलं की जी वेगळी निघेल ती आपोआप समोर येते. त्याच्या जोडीला मधल्या काळात संप्रेरकाची कुठलीही गोळी घेतली का हे नाव घेऊन विचारावं लागतं, कारण सणासाठी घेतलेल्या गोळीला बायका औषधात मोजत नाहीत.

तिथेच टेस्ट केली. ‘टी’ची रेघ मिनिटभरात, ‘सी’पेक्षा गडद उमटली. सिस्टरनी पट्टी तिच्या हातात दिली आणि दोन तारखा कागदावर मांडल्या.

३ सप्टेंबरपासून मोजलं तर ५ आठवडे २ दिवस. २८ जुलैपासून मोजलं तर १० आठवडे ४ दिवस. फरक ३७ दिवसांचा.

सोमवारी, १३ ऑक्टोबरला सोनोग्राफी झाली. गर्भ गर्भाशयात, एकच, ठोके चालू, डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी ४० मिलिमीटर, म्हणजे सुमारे १० आठवडे ६ दिवस. २८ जुलैच्या हिशेबानं त्या दिवशी बरोबर ११ आठवडे होत होते. एका दिवसाचा फरक धरायचा नसतो, तारीख २८ जुलैच राहिली. नऊ ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान सात दिवसांपेक्षा जास्त फरक पडला तर सोनोग्राफीची तारीख धरतात. या काळात सगळे गर्भ जवळपास सारख्याच वेगानं वाढतात, म्हणून हे मोजमाप इतकं भरवशाचं असतं. पुढे बाळागणिक फरक पडत जातो आणि तारीख ठरवणं अवघड होतं.

३७ दिवसांनी काय बिघडलं असतं

प्रसूतीची अंदाजे तारीख शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवसांनी येते. तारखेत सात मिळवून तीन महिने मागे जायचं आणि वर्ष पुढचं धरायचं, हा जुना हिशेब. तिची येते ४ किंवा ५ मे २०२६. गोल केलेली तारीख धरली असती तर आली असती १० जून. म्हणजे ११ मेला तिचे खरे ४१ आठवडे भरले असते आणि कार्डावर ३५ आठवडे ५ दिवस दिसले असते. दिवस उलटून गेलेल्या बाईला ‘अजून वेळ आहे’ म्हणून घरी पाठवलं गेलं असतं.

बाळाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी बघणारी सोनोग्राफी ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस एवढ्याच काळात होते. तिच्यासाठी ही खिडकी १३ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर होती. चुकीच्या तारखेनं ती १९ नोव्हेंबरला उघडली असती, तेव्हा खरे १६ आठवडे २ दिवस झाले असते.

आणि हा गर्भ नको असता तर? तोही बाईचा निर्णय असू शकतो, आणि कायद्यानं २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मतानं तो घेता येतो. पण ‘पाचच आठवडे झालेत’ अशा समजुतीनं दुकानातून गर्भपाताच्या गोळ्या आणून साडेदहा आठवड्यांना घरी घेतल्या असत्या तर जास्त रक्तस्राव आणि अर्धवट गर्भपाताचा धोका होता. गर्भ नळीत असता तर त्या गोळ्यांनी काहीच न होता नळी फुटण्यापर्यंत वेळ गेली असती.

एक गोष्ट मात्र खरोखरच हातची गेली होती. बाळाच्या मेंदूची आणि कण्याची नळी गर्भधारणेपासून साधारण २८ दिवसांत मिटते. तिच्या बाबतीत तो दिवस १० सप्टेंबरच्या आसपासचा. फॉलिक अ‍ॅसिडचा मोठा उपयोग असतो तो त्याआधी, म्हणूनच ४०० मायक्रोग्रॅमची गोळी दिवस राहण्याच्या आधीपासून, मूल हवं असं ठरलं त्या दिवसापासून घ्यायची. तिची गोळी सुरू झाली १० ऑक्टोबरला. बहुतेक बाळं तरीही निरोगी असतात, पण अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत कणा काळजीनं बघावा असं कागदावर लिहिलं गेलं.

घेतलेल्या गोळ्यांबद्दल तिनं भीत भीत विचारलं. नॉरएथिस्टेरॉनच्या आठ दिवसांपायी गर्भ पाडायची गरज नसते, तपासणाऱ्या डॉक्टरांना किती आणि कधी घेतल्या ते सांगायचं. डायक्लोफेनॅक लगेच बंद. दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही विचारून. अपस्माराची, मुरुमांची, रक्त पातळ करणारी किंवा रक्तदाबाची औषधं चालू असणाऱ्या बाईनं तर टेस्टची दुसरी रेघ दिसली त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. मुरुमांची आयसोट्रेटिनॉइनची गोळी तेवढी तिथेच थांबवायची. बाकी औषध स्वतःहून तोडायचंही नाही, आठवडाभर वाट बघायचीही नाही.

पुढचे आठवडे

बारा आठवड्यांच्या आत नोंदणी झाली, माता-बाल संरक्षण कार्ड मिळालं. हिमोग्लोबिन, रक्तगट आणि आरएच, साखर, थायरॉइड, एचआयव्ही, सिफिलिस, हेपेटायटिस बी, लघवी, रक्तदाब, वजन तपासलं. धनुर्वात-घटसर्पाची पहिली लस दिली, दुसरी चार आठवड्यांनी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, तीही तारीख कार्डावर आली. लोहाच्या गोळ्या तीन महिने सरल्यावर.

मळमळीसाठी पोट रिकामं ठेवायचं नाही, दर दोन तासांनी थोडं खायचं, पाणी जेवणाबरोबर न पिता मधे मधे घोट घोट घ्यायचं. हुमण घरात शिजू दे, फक्त काही दिवस तिनं चुलीपाशी उभं राहू नये, असं सिस्टरनी सासूबाईंना सांगितलं. कारखान्यात भाजणीपासून लांबच्या टेबलाची जागा मागायची. एवढ्यानं न भागल्यास डॉक्सिलामिन आणि बी-६ ची गोळी डॉक्टर देतात, ती गरोदरपणात वापरात असलेली आहे. दिवसभर घोटभर पाणीही टिकत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, तर इस्पितळात जाऊन सलाइन लावावं लागतं.

पॅड भिजवणारा रक्तस्राव, ओटीपोटात एका बाजूला टोचणारी कळ, खांद्याच्या टोकाला दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, यातलं एक जरी झालं तर १०८ ला फोन. सत्तरीतल्या वाळपईपासून बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळापर्यंतचा रस्ता लांब आहे, सकाळ व्हायची वाट बघायची नाही.

पाळी ढकलायच्या गोळ्यांविषयी आमचं म्हणणं स्पष्ट आहे. सण हा बाईच्या अंगावरून गोळ्यांच्या जोरावर पार पाडायची गोष्ट असू नये. तरीही ज्या घरात त्या घेतल्याच जातील तिथे त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घ्याव्यात. पायाच्या शिरेत गुठळी झालेली, यकृताचा आजार असलेली, कारण न कळलेला रक्तस्राव होणारी बाई त्या घेऊ शकत नाही, आणि हे विचारायला दुकानाच्या काउंटरवर सवड नसते. या गोळ्या गर्भनिरोधक नाहीत. घेताना पाकिटावर थांबवल्याची तारीख लिहावी, आणि तिथून सातव्या दिवसापर्यंत नेहमीसारखी पाळी आली नाही तर टेस्ट.

२७ ऑक्टोबरला, १३ आठवडे पूर्ण झाले त्या दिवशी, मानेमागच्या द्रवाची सोनोग्राफी झाली. मोजमाप योग्य होतं. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातल्या सोनोग्राफीत कणा सलग दिसला. तोवर तिरफळाचा वास तिला पुन्हा सोसू लागला होता. कार्डावर शेवटच्या पाळीच्या रकान्यात २८ जुलै आहे, आणि बाजूला बारीक अक्षरात ‘३ सप्टें. : डाग, दीड दिवस, अर्धा पॅड’. तो डाग कशाचा होता ते शेवटपर्यंत कळलं नाही.